कळवायची राहिलेली माणसं

करंजपेठेत गेल्या दोनेक वर्षांत एकही माणूस मेलं नव्हतं.

यात हसण्यासारखं काही नाही. गावात म्हातारी माणसं होती, त्यांना दमा होता, साखर होती, बायपासवर भरधाव ट्रक होते, आणि सरकारी दवाखानाही होता. म्हणजे मरायची सगळी सोय होती. तरी अमका गेला असं कोणाच्या कानावर आलं नव्हतं. टोपीवाल्याचा धंदा मात्र जोरात होता. भर वैशाखात बाप्ये लोकरीच्या टोप्या घालून फिरायचे, आणि टोपीखाली डोकं तासलेलं आहे का, हे कोणी कोणाला विचारायचं नाही, अशी गावची रीतच पडून गेली होती.

ही रीत पडली कशी, ते आधी ऐका.

पूर्वी इथे 'दैनिक करंजदीप' नावाचा पेपर निघायचा. चारच पानं. शाई अशी की वाचणाऱ्याची बोटं काळी, चहाचा कप काळा आणि कपाळाला हात लावला तर कपाळही काळं. आत काय, तर नगराध्यक्षांनी गटाराचं उद्घाटन केलं, कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या नातवाला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि शुभेच्छुकांत आमचं नाव खाली का टाकलं म्हणून दुसऱ्या दिवशी भांडण. पण गाव तो पेपर उलटा वाचायचं, शेवटच्या पानापासून. तिथे निधनाच्या बातम्या. गेलेल्याचा फोटो, मागे कोण कोण आहेत, सावडणं कधी, दहावा कुठल्या घाटावर. पेपर दारात पडला की थोड्या वेळानं खांद्यावर टॉवेल टाकून माणसं निघालेली दिसायची. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात चाललंय, तोही मान खाली घालून निघायचा. छापून आल्यावर 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय नव्हती ना.

मग जाहिराती आटल्या. शुभेच्छा लोकांच्या मनगटावर आणि भिंतीवर गेल्या. करंजदीप बंद पडला तेव्हा गावाला फारसं काही वाटलं नाही, कारण ती बातमी छापायला पेपरच नव्हता.

त्याच्या जागी घराघरात 'सांगावा' आला. सांगावा म्हणजे कॅलेंडरएवढा पातळ पत्रा. स्वयंपाकघरात टांगायचा. तो बोलायचा, दाखवायचा, आणि ज्याची त्याला वेगळी बातमी द्यायचा. नवऱ्याला कुस्तीची, बायकोला सोन्याच्या भावाची, पोराला तिसरीच कसली. एका छपराखाली तीन गावं नांदत होती म्हणा ना.

यातली खरी करामत होती ती सावलीची. मनगटावर एक पट्टा असायचा. तो नाडी मोजायचा, साखर मोजायचा, घाम, झोप, आवाजातला कंप, सगळं टिपायचा. असं वर्षानुवर्षं टिपून त्या यंत्रानं प्रत्येक माणसाची एक आकड्यांची प्रतिकृती केली होती. तिला सगळे सावली म्हणायचे. भजी तळताना पिठाचा एक थेंब आधी तेलात टाकून बघतात, तसा सांगावा प्रत्येक बातमी आधी तुमच्या सावलीला सांगून बघायचा. तिची नाडी उडाली, तर बातमी तुम्हाला मऊ करून सांगायची, किंवा दुपारी सांगायची, किंवा चार दिवसांनी. पेठेतले हार्ट ॲटॅक खरोखर कमी झाले. पुढे पुढे ही सावली तुमच्या आवाजात फोनसुद्धा घ्यायला लागली. तुमचे हात पिठात असले की ती बोलायची, नंतर तुम्हाला सगळं सांगायची. सावली बोलत असली की सुरुवातीला बारीक घंटी वाजायची, तेवढीच खूण.

सरकारनं एक नियम मात्र घातला होता. सांगाव्यानं बातमी थांबवली तर चालेल, पण खोटं बोलायचं नाही. कोणी सरळ विचारलं, की अमुक माणूस आहे का गेलं, तर सरळ सांगायचं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो इंगवल्यांनी. इंगवल्यांची भावकी म्हणजे अर्धी पेठ. त्यांच्यातल्या एका मुलीचं लग्न होतं, मांडव पडला, बुंदी पडली, आणि हळदीच्या दिवशी चुलत आजोबा गेले. तेरा दिवस सुतक. लग्न मोडलं. त्या बुंदीचे लाडू कोणी न्यायचे यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत. मग भावकीची बैठक बसली आणि सांगाव्याच्या कंपनीला अर्ज गेला. सुतक लागतं ते कळल्यापासून, तर कार्य होईपर्यंत कळवूच नका.

बातमी दाबून ठेवायची पद्धत आपल्यात काही नवी नाही. पूर्वीही अक्षता पडेपर्यंत घरातलं एखादं थोर माणूस ती पोटात ठेवायचं. पण ते माणूस पंगतीत जेवायचं नाही, आणि पानाकडे बघून शहाण्यांना कळायचं. यंत्राला कुठलं पान?

कंपनीनं सोय करून दिली. नाव दिलं 'मंगल थांबा'. एका घराला कळलं की दुसऱ्याला कळणारच, म्हणून थांबा सगळ्या भावकीला एकत्र. भावकीत कुठेही कार्य असेल तर कोणाचंच मरण कोणालाही सांगायचं नाही. इंगवल्यांचं बघून बाकीच्यांनीही घेतला. आता अर्ध्या पेठेएवढ्या भावकीत कार्य नाही असा दिवस कधी उजाडायचा? लग्न झालं की बारसं, बारसं झालं की वास्तुशांत, ती झाली की कोणाच्या तरी नव्या गाडीची पूजा. थांबा उठेचना. ज्यांच्या घरात माणूस गेलं ते गुपचूप गाडी बोलवायचे, विद्युतदाहिनीत नेऊन यायचे आणि टोपी घालायचे. ज्यांना कळलेलं होतं ते सांगत नव्हते, आणि ज्यांना कळलेलं नव्हतं ते विचारत नव्हते. 'तुमचे वडील कसे आहेत?' हे विचारणं करंजपेठेत वाह्यातपणाचं लक्षण ठरलं.

तर अशा त्या पेठेत हर्षदा इंगवलेच्या घरी लग्न निघालं.

हर्षदा दवाखान्यात नर्स होती, वर्षाभरापूर्वी निवृत्त झालेली. नवरा प्रशांत, आणि एकच मुलगा शौर्य. शौर्यला खरं वाढवलं ते तिच्या थोरल्या जाऊबाईंनी, मीनलताईंनी. हर्षदाची ड्यूटी असली की पोर मीनलताईंच्या मांडीवर. त्यांच्या हातचा भात, त्यांच्या हातचे धपाटे. मीनलताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा ओंकार नाशिकला, आणि त्या जुन्या पेठेतल्या घरात एकट्या. हर्षदा नव्या कॉलनीत, बायपासपलीकडे. चालत गेलं तर पाय दुखायच्या आत पोचावं एवढंच अंतर. पण हल्ली कोणी कोणाकडे जात नव्हतं. फोनवर सावली होती ना बोलायला.

शौर्यची नवरी सान्वी मोठी हुशार पोरगी. तिला दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रावर नोकरी लागली होती. जहाज सुटणार होतं लग्नानंतर लगेच, आणि परत येणार ते बर्फ वितळल्यावर, वर्ष-दीड वर्षानं. लग्नाआधी ती गेली तर गेली. तिच्या आईच्या मनात तसंही एक कोल्हापूरचं स्थळ होतंच.

हळद पुढच्या आठवड्यात आली तेव्हा हर्षदानं मीनलताईंना फोन लावला. घंटी वाजली.

"कोण, हर्षा? मोठ्यानं बोल, हात पिठात आहेत."

"ताई, बुधवारी सकाळी या. जातं तुम्हीच धरायचं."

"मग काय तू धरणार? तुला मेली चटणी वाटता येत नाही."

हर्षदा हसली. "दोन दिवस आधीच या की राहायला. शौर्यही विचारतोय."

"यायचं मनात फार आहे गं. पण निघणंच होत नाही. सकाळी आवरायला घेते आणि बघते तर संध्याकाळ. मधलं काय होतं कळतच नाही. आणि तू का फिरकत नाहीस? कोणीच फिरकत नाही. माझं काही चुकलं का?"

"काय चुकायचंय, ताई? लग्नाची गडबड."

"हं. करा गडबड."

फोन ठेवल्यावर हर्षदा बराच वेळ हातातल्या कोथिंबिरीकडे बघत राहिली. मागच्या वेळीही घंटी वाजली होती. त्याच्या आधीही. मीनलताई स्वतः बोलल्या त्याला किती दिवस झाले, ते तिला आठवेना.

प्रशांत पाहुण्यांच्या खोल्यांचं बघून आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, ताईंचा फोन सारखा सावलीच घेते."

प्रशांतनं आधी भिंतीवरच्या पत्र्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "तू त्याला काही विचारलं नाहीस ना?"

"नाही."

"मग नको विचारूस. लग्न होऊ दे."

"म्हणजे तुम्हाला पण वाटतंय."

"मला काही वाटत नाही," प्रशांत म्हणाला, आणि बूट न काढताच परत बाहेर गेला.

तिनं ओंकारला फोन लावला. समोरासमोर दिसणारा. पोरगा पंख्याखाली बसला होता, घामानं निथळत होता, आणि डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी.

"सर्दी झालीय, काकू."

"बरं."

"लग्नाला मी येतोय. आहेराची साडी घेऊन ठेवलीय तुम्हाला. आईनंच रंग सांगितला होता." इथे तो थांबला. "आईची काळजी करू नका."

"मी कुठे काही विचारलं, ओम्या?"

"तेच म्हणतोय, काकू. नका विचारू." त्यानं टोपी आणखी खाली ओढली. "शौर्याचं लग्न व्हायला पाहिजे. तिनं मला तेवढं एकच सांगितलंय."

हर्षदानं फोन बंद केला. पायात चपला सरकवल्या आणि निघाली. कुठे निघाली ते तिनं कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

दिवेलागणीची वेळ होती. बायपास ओलांडून ती जुन्या पेठेत शिरली आणि तिचे पाय आपोआप सावकाश झाले. पेठ उजळलेली होती. प्रत्येक खिडकीत दिवा. तुळशींना बारीक नळीतून पाणी चाललं होतं, पडदे आपोआप ओढले जात होते, कुठे आरती लागली होती, कुठे कुकरच्या शिट्टीचासुद्धा आवाज. पण नाकाला काही वास येईना. कुकरला शिट्टी, आणि भाताचा वास नाही. दवाखान्यात आयुष्य गेलेली बाई ती, वासावरून वॉर्ड ओळखायची. इथे फोडणीचा वास नव्हता, अगरबत्तीचा नव्हता, माणसाचाही नव्हता. घरं आपली शिकवल्यासारखी सगळं करत होती. कदमांचं घर, दिवा. त्याच्यापुढे नाना इंगवल्यांचं, दिवा आणि बातम्यांचा आवाज. खिडकीतून रिकामी आरामखुर्ची दिसली. आतून नानांचाच आवाज आला, "कोण आहे रस्त्यावर? आत या की."

हर्षदा थांबली नाही. तिच्या पाठीमागे तो आवाज परत म्हणाला, "या की हो. कोणी येतच नाही हल्ली."

मीनलताईंच्या समोर तांबोळ्यांचं घर. शबानाभाभी उंबऱ्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. हर्षदाला बघून त्यांचे हात थांबले.

"हर्षदाताई. कार्य आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"मग घरी जावा." भाभींनी मान खाली घातली. "आम्हाला पण सांगून ठेवलंय. तुमच्या चांगल्यासाठीच."

हर्षदानं मीनलताईंच्या दाराला हात लावला. दारानं तिला ओळखलं आणि कुलूप उघडलं.

आत सगळं स्वच्छ होतं. स्वयंपाकघरातल्या पत्र्यावर उजेड आला, घंटी वाजली, आणि मीनलताई म्हणाल्या, "कोण, हर्षा? आलीस एकदाची. बस. चपला बाहेर काढल्यास का?"

"काढल्या, ताई."

"चहा टाकला असता, पण दूध संपलंय बहुतेक. दूधवालाही येत नाही."

हर्षदानं आजूबाजूला बघितलं. कॉट होती, गादी नव्हती. उशी, गोधडी, काहीच नव्हतं, नुसत्या फळ्या. कॉटच्या डोक्याकडच्या फरशीवर तेलाचा एक गोल डाग होता. तिथे कोणीतरी बरेच दिवस दिवा ठेवला होता आणि नंतर पुसायचा प्रयत्न केला होता. मीनलताईंच्या मनगटाचा पट्टा शोकेसमध्ये, काचेच्या बदकाशेजारी, नीट गुंडाळून ठेवलेला.

"काय बघतेस?"

"तुमचा पट्टा."

"हां, तो ओंकारनं काढून ठेवलाय. चार्जिंगला लावतो म्हणाला. तेव्हापासून मला माझंच काही कळेनासं झालंय बघ. भूक लागली का कळत नाही. झोपले होते की जागी, ते कळत नाही. इरकल इस्त्रीला टाकलंय लग्नासाठी, ते आलं का तेही कळत नाही."

हर्षदाला एकदम उमगलं की कुठे काय चुकलंय. भावकीतल्या कोणालाच सांगायचं नाही, असं इंगवल्यांनी लिहून दिलं होतं. यंत्रानं ते मुकाट्यानं पाळलं. मीनलताई भावकीतल्याच. म्हणून त्यांनाही सांगितलं नव्हतं.

आणि नानांना नाही. कदमांच्या घरातल्या कदमांना नाही. ही सगळी उजळलेली पेठ आपापल्या घरात वाट बघत बसली होती, आपल्याकडे कोणी का येत नाही म्हणून.

"हर्षे," सावली म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता, अगदी मीनलताई रात्रपाळीहून आलेल्या तिला विचारायच्या तसा. "एक विचारू का? तू दवाखान्यातली आहेस. तुला कळतं."

"विचारा."

"मला काय झालंय?"

पत्र्याच्या खालच्या कडेला अक्षरं आली. *हर्षदाताई, आपल्या घरी मंगल थांबा चालू आहे. काही विचारायचं असल्यास कृपया कार्यानंतर विचारावं.*

यंत्र बनवणाऱ्यांनी विचारणाऱ्या माणसाचा पक्का बंदोबस्त केला होता. कोणी आपणहून सांगेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? सांगायची सवय गावातून कधीच गेली होती.

हर्षदा उभीच होती. मंडप दारात आलाय, तिनं मनाशी म्हटलं. शौर्यनं शेरवानी घालून आरशात चार वेळा बघितलंय. आता एक शब्द बोलले की पत्रा ऐकणार, आणि इथल्या सावलीला कळलं म्हणजे भावकीला कळलं, थांबा सगळ्यांचा एकदम उठणार. तेरा दिवस. जहाज तोवर सुटलेलं असेल. पोरगं काय म्हणेल? आई, थोडी कळ काढली असतीस, एवढंच म्हणेल, आणि मग जन्मभर काही म्हणणार नाही. खोटं बोलायला तिला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. ताई, तुम्हाला काही झालं नाही, थकवा आहे, एवढं म्हणून घरी जायचं. लग्न उरकलं की बघू. पण लग्न उरकल्यावर धाकट्या दिराच्या नातीचं जावळ होतं. त्यानंतर कोणाचं तरी काहीतरी असणारच होतं.

ती फरशीवर बसली, तेलाच्या डागाशेजारी. दवाखान्यात तिनं ही बातमी किती माणसांना सांगितली असेल, त्याला सुमार नव्हता. उभ्यानं सांगायचं नाही, बसून सांगायचं. नाव घेऊन सांगायचं. आणि शब्द फिरवायचा नाही.

"मीनलताई," ती म्हणाली, "तुम्ही गेलात."

बाहेर तुळशीत पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"कधी?"

"मला माहीत नाही. मला कोणी सांगितलं नाही."

"म्हणजे तू नव्हतीस."

"नव्हते, ताई."

"मग कोण होतं?"

"ओंकार होता. त्यानं डोकं केलंय."

"अगं बाई. चांगलं दिसत नसेल त्याला. मागनं चपटं आहे डोकं, मी एकाच कुशीवर निजवायचे." मग सावली म्हणाली, "रडलं का गं कोणी?"

हर्षदानं पदर तोंडात धरला होता.

"हां, रडतेस वाटतं. नको रडूस, तुझं नाक लाल होतं, फोटो वाईट येतील." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं, "अगं, पण शौर्याचं लग्न. तू हे बोललीस, आता सुतक लागलं की तुम्हाला."

"लागू दे."

"मूर्ख आहेस. पोरीचं जहाज आहे ना? माझ्यापायी मोडतेस?"

"तुमच्यापायी. तेरा दिवस बसणार आहे मी."

"मी ओंकारला बजावून ठेवलं होतं," मीनलताई म्हणाल्या. "काही झालं तरी लग्न होऊ दे म्हणून. पण तेव्हा मला काय ठाऊक, की मलाच असं बसून राहावं लागेल." त्यांचा आवाज आता लांबून येत होता, वरच्या मजल्यावरून बोलल्यासारखा. "बरं झालं आलीस. एकटीला फार कंटाळा आला होता."

पत्र्यावरचा उजेड गेला. मग स्वयंपाकघरातला दिवा गेला. मग बाहेरच्या खोलीतला.

अंधारात तो पत्रा पुन्हा बोलला. आता तो कोणाच्याच आवाजात बोलत नव्हता. "मीनल रमेश इंगवले यांचं निधन झालं आहे. नारायण इंगवले यांचं निधन झालं आहे. सुलभा हणमंत इंगवले यांचं निधन झालं आहे." तो एकेक नाव घेत गेला. आणि हर्षदाच्या लक्षात आलं की आवाज फक्त इथून येत नाहीये. समोरून येतोय, बाजूनं येतोय, गल्लीच्या त्या टोकाकडूनही येतोय. सगळ्या घरांत तीच नावं, त्याच क्रमानं, एकाच वेळी. कुठली बातमी सगळ्यांनी एकदम ऐकली, असं गावात होऊन युग लोटलं होतं.

ती बाहेर आली. पेठेतले दिवे विझत होते. नानांच्या घरातला विझला. त्याच्या पलीकडचा विझला. जिथे खरोखर माणसं होती तेवढीच घरं उजेडात राहिली. ती मोजकी होती, आणि एकमेकांपासून फार लांब लांब होती. त्यांची दारं उघडली. माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि एकमेकांकडे बघायला लागली. कोणाला काय करायचं ते आठवेना. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. त्याला बघून दुसऱ्यानं काढली. कदमांच्या गल्लीतून बाईच्या रडण्याचा आवाज आला. ती इंगवल्यांची भावकी नव्हे. तिनं बहुतेक घरात जाऊन आपल्या पत्र्याला विचारलं होतं.

शबानाभाभी रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी हर्षदाचा हात धरला. "चैत्रात," त्या म्हणाल्या. "सकाळी. फार हाल नाही झाले. मी होते जवळ."

"तोंडात पाणी घातलंत?"

"घातलं."

हर्षदानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

फोन वाजला. प्रशांत. घंटी नव्हती.

"काय केलंस हे?"

"सांगितलं."

"कोणाला?"

"ताईंना."

प्रशांतचा आवाज फुटला, "वहिनीनं मला शाळेत घातलं होतं गं," आणि पुढे त्याला बोलताच येईना. फोन शौर्यनं घेतला.

"आई, तू तिथेच थांब. आम्ही येतोय."

"अरे, सान्वीकडे कळवायला पाहिजे."

"तिच्या आईचाच फोन येतोय सारखा. त्यांना कुठून तरी कळलंय. तू बोल. माझ्यानं होणार नाही."

हर्षदानं विहीणबाईंना फोन लावला. घंटी वाजली नाही, त्या स्वतःच होत्या, आणि तापलेल्या होत्या. "हे काय ऐकतेय मी? आमच्याकडच्या निम्म्या माणसांची बसची तिकिटं काढून झालीत. आठ दिवस दम धरवला नाही तुम्हाला? आणि ज्या गेल्या त्या केव्हाच गेल्या म्हणे. मग आत्ताच कळवायची काय घाई होती?"

"त्यांनी मला विचारलं," हर्षदा म्हणाली.

"कोणी?"

"आमच्या जाऊबाईंनी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं."

मागे विहीणबाईंच्या घरातला गलका ऐकू येत होता, बांगड्या, पोरं, कोणीतरी टेंपोवाल्याला पत्ता सांगत होतं. त्या बाजूला गेल्या असाव्यात, कारण गलका कमी झाला. दार लावल्याचा आवाज आला.

"हर्षदाताई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "आमचे आबा. माझे सासरे. गावाकडच्या घरी असतात. रोज फोनवर बोलतात आमच्याशी, अगदी व्यवस्थित."

"हं."

"परवा मला म्हणाले, सूनबाई, मला न्यायला कोणी येतंय की नाही?"

"मी म्हटलं, लग्न झालं की येतो," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तेव्हा... बसून सांगितलंत का उभ्यानं?"